खासगीचे तुळशीपत्र

(स्वाध्याय-लेख)

आपल्या मंदिराच्या महाद्वारी उजव्या हातास जो कोनाडा आहे, त्यात रोज दिवेलागणीस एक दिवा लावला जातो व तो पहाटेपर्यंत तेवत ठेवला जातो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल; पण तो तेथे का, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. फार वर्षांपूर्वी आपल्याच सभासद-कुटुंबांपैकी एका वृद्ध मातुःश्रींनी त्यासाठी काही रक्कम ठेव म्हणून मंदिराकडे दिली. त्यांचे यजमान व्यापारानिमित्त धारकडे जात व रात्री-अपरात्री बैलगाडीने परत येत. अंधाऱ्या रात्री देवळातील दिवा दिसला की बेटमा आले असे त्यांना कळे. यजमान गेल्यावर बाईंनी संकल्प केला की, रस्त्यावरून दिसेल असा एक दिवा देवाच्या दारी रात्रभर असावा.

आता त्या ठेवीच्या व्याजात महिन्याचे तेलदेखील येत नाही. धारच्या रस्त्यावर विजेचे दिवे झाले. पीथमपूरच्या कारखान्यांचा उजेड तर रात्रभर आकाशात दिसतो. तेव्हा गेल्या चातुर्मासात मंडळाच्या सभेत असा विषय निघाला की, असल्या लहानसहान नावांच्या ठेवी मोडून त्यांचा एक सर्वसाधारण निधी करावा व तो सभामंडपाच्या कामी लावावा. काही मंडळी म्हणाली, दात्याचा संकल्प मोडणे हे पाप होय. काही म्हणाली, ज्याचा उपयोग उरला नाही ते चालू ठेवणे ही केवळ रूढी होय. दोन्ही बाजूंनी बोलणारे आम्हांस वडिलांच्या ठिकाणी आहेत. निर्णय पुढील सभेवर गेला. त्या सभेपूर्वी या विषयाचा थोडा अभ्यास व्हावा एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमचे शिक्षण शाळेपुरतेच. परंतु ज्या प्रदेशात आपण राहतो, त्याच प्रदेशाने या प्रश्नावर फार मोठा धडा घालून दिला आहे, आणि तो वाचण्यास विद्वत्ता लागत नाही.

१. 'खासगी' या शब्दाचा इतिहास

खासगी म्हणजे ज्याचे त्याचे, इतरांचा ज्यात संबंध नाही ते, असा अर्थ आपण आज करतो. होळकरांच्या राज्यात मात्र या शब्दाला एक निश्चित, हिशेबी अर्थ होता. राज्याचे उत्पन्न दोन भागांत विभागलेले असे. एक 'दौलत', म्हणजे राज्याचा महसूल. त्यातून फौज, किल्ले, कारभार चालावयाचा. दुसरी 'खासगी', म्हणजे राजाच्या पत्नीच्या स्वतःच्या नावे असलेली जहागीर व तिचे उत्पन्न.

या खासगीचा आरंभ १७३४ सालचा. त्या वर्षी बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली. माळव्यातील व दक्षिणेतील मिळून तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लक्ष रुपये होते असे इंदूरच्या इतिहासात नमूद आहे. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल. या व्यवस्थेचे तात्पर्य असे की, रणांगणावर काहीही घडले, दौलतीवर कर्ज झाले, तरी घरच्या स्त्रीच्या हाती एक स्वतंत्र धन राहावे. १७६१ साली गौतमाबाई वारल्या आणि ही खासगी त्यांच्या सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. त्यांचे वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले व १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव गेला. तेरा वर्षांत घरातील तीन पिढ्यांचे पुरुष निघून गेले आणि माळव्याचा कारभार या बाईंच्या हाती आला. तुकोजी होळकरांकडे त्यांनी फौज सोपविली, राजधानी नर्मदातीरी महेश्वरास ठेवली, आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत राज्य केले.

कारभार हाती येताच त्यांनी खासगीच्या धनावर तुळशीपत्र ठेवले अशी परंपरा आहे. तुळशीपत्र ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक आहे. वस्तू देवाची झाली. आता तिच्यावर आपली मालकी नाही, आपण केवळ राखणदार. याविषयीची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. राघोबादादांनी द्रव्याची मागणी केली तेव्हा बाईंनी उत्तर पाठविले की, हे धन धर्मादायास लागले आहे. आपण ब्राह्मण आहात, तेव्हा संकल्प सोडून दान म्हणून घेणार असाल तर खुशाल घ्यावे. पेशवाईच्या घराण्यातील पुरुष दान म्हणून ते घेणार कसा? आख्यायिकेचा शब्दन् शब्द खरा असेल असे नव्हे. पण लोकांना या बाईंविषयी काय वाटत होते, ते तीतून नीट कळते.

येथे पहिला धडा आहे. मंदिरे, घाट, धर्मशाळा यांच्यासाठी दौलतीला हात लावावयाचा नाही, आपल्या खासगीतून द्यावयाचे, हा भेद या बाईंनी पाळला. रयतेच्या कराने स्वतःचे पुण्य विकत घेण्याची इच्छा त्यांना झाली नाही. दानाची पहिली शुद्धी दिलेल्या वस्तूच्या मालकीत आहे; देवळाची भव्यता त्यानंतरची गोष्ट होय.

२. दात्याची आवड दानात उतरते

खासगी धन असल्याने ते कोठे लावावे हे ठरविणारे दुसरे कोणी नव्हते. मंत्रिमंडळ नाही, मतदान नाही. म्हणून या दानात दात्याच्या मनाचा ठसा जसा उमटला आहे, तसा सरकारी कामात कधी उमटत नाही.

बाई शिवभक्त होत्या. राज्याच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी त्या 'श्रीशंकर' असे लिहवीत. महेश्वरच्या वाड्यात काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगे नित्य करून, त्यांची पूजा करून, ती नर्मदेत विसर्जित करण्याचा जो परिपाठ त्यांच्या काळापासून आहे, तो आजही चालू आहे. तेव्हा त्यांच्या दानाची वाटही ज्योतिर्लिंगांवरून गेली यात नवल नाही. काशीला विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास उभे केले. सोमनाथला १७८३ साली मूळ भग्न देवालयाच्या जवळच दुसरे मंदिर बांधले आणि पूर्वीचा अनुभव ध्यानात घेऊन मुख्य लिंग भूमिगत गाभाऱ्यात ठेवविले. भक्ती होती, पण भोळेपणा नव्हता, हे त्यावरून दिसते. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली पूर्ण झाले; म्हणजे शिवभक्तीने विष्णूचे दार बंद केले नाही. काशीचे घाट, हरिद्वारचा कुशावर्त घाट, बदरी-केदारच्या वाटेवरील धर्मशाळा, महेश्वरचे घाट, ही यादी लांबवावी तेवढी लांबेल. गंगेचे पाणी दरवर्षी दक्षिणेतील दूरदूरच्या देवालयांना अभिषेकासाठी पाठविले जाई.

परंतु आम्हांस विशेष वाटते ते या यादीचे नव्हे. बाईंच्या निधनानंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आत जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात फिरून, जुन्या माणसांना विचारून त्यांची हकीकत लिहिली. तो लिहितो त्याचा आशय असा : उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी पाजण्यास त्यांची माणसे नेमलेली असत. थंडी सुरू होताच गरिबांना व आश्रितांना वस्त्रे वाटली जात. महेश्वराजवळच्या शेतांत नांगरणारा शेतकरी कित्येकदा पाही की, बाईंचा नोकर पाणी घेऊन आला आहे व चालते औत थांबवून बैलांना पाजीत आहे. आणि पाखरांसाठी त्यांनी शेते विकत घेऊन ठेवली होती. शेतकरी आपल्या पिकावरून पाखरे हाकलतो यात त्याचा दोष नाही, त्याचे पोट त्यावर आहे. पण पाखरांनाही पोट आहे. तेव्हा दोघांचेही बरोबर असल्याने शेत आपण विकत घ्यावे, असा त्यांचा विचार.

वाचकहो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? देवळे बांधावी, अन्नछत्रे घालावी, हे पुराणांत आहे. पण भर उन्हात चालणाऱ्या औताच्या बैलाला तहान लागली असेल, हे सुचण्यास पोथी पुरत नाही. त्यासाठी खिडकीतून शेताकडे पाहणारे एक मन लागते. खासगी दानाचे सामर्थ्य हेच होय. त्यात दात्याने स्वतः पाहिलेले दुःख असते. आमच्या समजुतीप्रमाणे महाद्वारीचा तो दिवा याच जातीचा आहे. धर्मशास्त्राने तो सांगितला नव्हता. अंधारात येणाऱ्या बैलगाडीची वाट पाहणाऱ्या एका स्त्रीला तो सुचला.

३. एक आक्षेप व त्याचा विचार

अभ्यास म्हटला की दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोणी म्हणेल, एका व्यक्तीच्या आवडीनिवडीवर एवढे धन लागावे हे योग्य का? इतका पैसा दूरदूरच्या तीर्थांवर न घालता फौजेवर घातला असता तर होळकरांचे राज्य अधिक बळकट झाले नसते का? हा आक्षेप आजचा नाही. तुकोजींची व बाईंची पैशावरून कुरबूर होत असे, हे इतिहासात आहे. माल्कमनेही हा प्रश्न एका जाणत्या माणसाला विचारला होता. त्याला मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा की, या खर्चाच्या दुप्पट फौजेवर घालूनही जी सुरक्षितता मिळाली नसती, ती बाईंना या दानाने मिळाली. कारण हिंदुस्थानातील निरनिराळे राजे, हिंदू तसेच मुसलमान, त्यांना आदराने पाहत, आणि त्यांच्या राज्यावर चालून जाणे हे लोकांना पातक वाटे.

हे उत्तर सुंदर आहे, पण आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. दान केले म्हणून शत्रू आला नाही, असे म्हटल्यास दानाचा व्यापार होतो. आमच्या अल्पमतीप्रमाणे खरे उत्तर पहिल्या धड्यातच आहे. दौलत ही रयतेची. तिचा उपयोग सर्वांच्या हिताचाच झाला पाहिजे, तेथे राजाची आवड चालणार नाही. खासगी ही स्वतःची. तेथे आवड चालेल, नव्हे, तेथे आवडीनेच दिले पाहिजे, कारण आवडीवाचून दिलेले दान कोरडे होते. पाप होते ते या दोहोंची सरमिसळ करण्यात. आपली हौस रयतेच्या पैशाने भागविणे हे एक पाप; आणि देवाला वाहिलेले धन पुन्हा आपलेसे समजणे हे दुसरे.

४. दाता जातो, दान उरते

आता कठीण भागाकडे येतो. आवडीने दिलेले दान दात्याच्या हयातीत सुरेख चालते, कारण पाहणारे डोळे असतात. दाता गेला की काय? शेते राहतात, पण पाखरांची आठवण कोणाला?

खासगीची पुढची कथा आपल्या काळापर्यंत येते. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला व होळकर राज्य त्यात विलीन झाले. राजाचे वैयक्तिक काय व राज्याचे काय, हे ठरवावे लागले. १९४९ साली झालेल्या निर्णयाप्रमाणे खासगीच्या मालमत्ता व त्यांचे उत्पन्न मध्य भारत सरकारकडे गेले, आणि त्याच्या बदल्यात सरकारने या धर्मादायांसाठी दरवर्षी कायमचे २,९१,९५२ रुपये द्यावे असे ठरले. पुढे महाराजा यशवंतराव होळकर डिसेंबर १९६१ मध्ये निवर्तले. त्यानंतर २७ जून १९६२ रोजी त्यांच्या कन्या महाराणी उषादेवी यांनी खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज या नावाचा न्यास स्थापन केला. त्यावर घराण्यातील विश्वस्तांसोबत सरकारचे प्रतिनिधीही असावयाचे होते. न्यासाच्या यादीत २४६ मालमत्ता होत्या. त्यांत १३८ मंदिरे, ३४ घाट, १८ धर्मशाळा, २४ बागा व १२ छत्र्या यांचा समावेश होता.

आता तो आकडा आठवावा. १७३४ साली खासगीचे उत्पन्न सुमारे ३ लक्ष रुपये. १९४९ साली ठरलेली रक्कम २,९१,९५२ रुपये. मध्ये दोनशे पंधरा वर्षे गेली आणि आकडा जवळजवळ तोच! पण १७३४ चा रुपया व १९४९ चा रुपया एक नव्हे. आणि १९४९ चा व आजचा तर मुळीच नव्हे. जमिनीचे उत्पन्न काळाबरोबर वाढते, कारण धान्याचा भाव वाढला की शेताचे उत्पन्नही वाढते. कागदावर बांधलेली रक्कम मात्र जेथल्या तेथे राहते व दरवर्षी आतून झिजते. 'कायमचे' हा शब्द लेखात असतो. तेल्याच्या, गवंड्याच्या, सुताराच्या बिलात तो नसतो. २४६ मालमत्ता राखावयाच्या आणि हाती बांधीव रक्कम, या अवस्थेत कोणत्याही विश्वस्ताची ओढाताण होणारच.

१९७२ साली एका पुरवणी लेखाने विश्वस्तांना मालमत्ता हस्तांतरित करण्याचा अधिकार देण्यात आला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटासह काही व्यवहारांवरून वाद उत्पन्न झाले व प्रकरण न्यायालयात गेले. ५ ऑक्टोबर २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या इंदूर पीठाने न्यासाविरुद्ध निर्णय देऊन चौकशीचा आदेश दिला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक गुन्ह्यांविषयीच्या चौकशीचा तो आदेश रद्द केला. पण त्याचबरोबर हा न्यास सार्वजनिक आहे, त्याने १९५१ च्या मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी केलीच पाहिजे, आणि पूर्वीची हस्तांतरणे नियमास धरून झाली की नाही हे निबंधकांनी तपासावे, असे सांगितले. कोणाचे चुकले, कोणाचे नाही, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु या निकालाचा मथितार्थ आपल्यासारख्या लहान मंडळासही घेण्यासारखा आहे. नाव 'खासगी' असले तरी तुळशीपत्र पडले की ते सार्वजनिक झाले. ज्याचा उपभोग सर्वांनी घ्यावा म्हणून दिले, त्याचा हिशेबही सर्वांना दाखविला पाहिजे. बाईंनी जे एका पानाने सांगितले, तेच दोन शतकांनंतर न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितले, असे आम्हांस वाटते.

५. इतर उदाहरणे

दात्याच्या मनातील एखादी गोष्ट संस्थेचे रूप घेते, याची आणखी दोनतीन उदाहरणे थोडक्यात देतो. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी, त्याच रोगाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे न्यास केला. जगभरातील संशोधकांना त्याने साहाय्य दिले आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दरवाजे अशा घरगुती कलावस्तू जमविल्या, त्या संग्रहास मुलाचे नाव दिले आणि अखेर तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एकाचे दुःख विज्ञानाकडे वळले, दुसऱ्याचे कलेकडे. दोघांनीही ते दुःख कुलूप लावून ठेवले नाही.

महेश्वरचेच पाहावे. बाईंनी तेथे विणकर आणून वसविले. त्यातून महेश्वरी लुगडे प्रसिद्धीस आले. काळाच्या ओघात तो धंदा खालावला. तेव्हा गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व त्यांच्या पत्नी सॅली यांनी 'रेहवा' ही संस्था काढून माग पुन्हा चालू केले, विणकरांच्या मुलांसाठी शाळा काढली. रेवा म्हणजे नर्मदा. तिच्यावरून हे नाव. पाखरांची शेते आज राहिली नसतील. पण मूळ दात्रीची दृष्टी काही ठिकाणी अशी पुन्हा उगवते.

एका दात्याच्या दानावर दुसऱ्याचे दान कसे चढते, याचे उत्तम दृश्य काशीस आहे. मंदिर अहिल्याबाईंचे. १८२८ साली जवळच्या ज्ञानवापीवर खांबांचा मंडप उभारला तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी. शिखरांस सोने दिले ते पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी. शिंदे आणि होळकर यांचे हाडवैर आपणास ठाऊकच आहे. पण देवाच्या दारी एकाने दुसऱ्याचे पुसून आपले लिहिले नाही, त्याला जोड दिली. आपल्या बेटम्यातही शीख बांधवांची बावडी आहे. गुरू नानकांच्या कृपेने तिचे खारे पाणी गोड झाले अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या पाण्यास कोणाचे नाव-गाव विचारले जात नाही.

६. आपल्या दिव्याविषयी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका पक्षाचे म्हणणे, संकल्प मोडू नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, निरुपयोगी झालेले धरून बसू नये. वरील अभ्यासावरून आम्हांस असे दिसते की, दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत.

ठेवी वेगवेगळ्या ठेवून प्रत्येकीचे व्याज वेगळे मोजण्याचा हट्ट धरला, तर खासगीच्या बांधीव रकमेसारखी प्रत्येक ठेव आतून झिजून जाईल. तेव्हा रकमा एकत्र ठेवण्यास हरकत नसावी. पण रक्कम एकत्र करणे निराळे आणि संकल्प एकत्र करणे निराळे. हा भेद सभेत कोणी मांडला नाही, म्हणून येथे मांडतो. धन मिसळावे, हेतू मिसळू नये. प्रत्येक दात्याने कशासाठी दिले, कोणत्या आठवणीने दिले, हे एका वहीत स्वच्छ लिहून ठेवावे आणि वर्षातून एकदा, वर्धापनदिनी, ते सर्वांसमक्ष वाचावे. दरवर्षीच्या व्याजाचा काही भाग खर्च न करता मुद्दलात मिळवीत जावा, म्हणजे भाववाढीने ठेव झिजणार नाही. आणि हिशेब दाराशी फळ्यावर लावावा.

जेथे मूळ हेतू खरोखरच अशक्य झाला असेल, तेथे काय करावे? कायद्यातही यावर एक शहाणे तत्त्व आहे : हेतू पार पाडणे शक्य नसेल, तर निधी त्या हेतूच्या जास्तीत जास्त जवळच्या कामास लावावा. 'जवळच्या' हा शब्द महत्त्वाचा. दिव्याची ठेव सभामंडपाच्या फरशीस लावणे हे जवळचे नव्हे. पण त्या बाईंच्या मनात काय होते? रात्री येणाऱ्या वाटसरूस आधार वाटावा, हे होते. कारखान्यांतील पाळ्या सुटल्यावर मध्यरात्री सायकलीवरून परतणारी कितीतरी मुले आपल्या दारावरून जातात. त्यांच्यासाठी दाराशी पाण्याचा माठ व दोन घटका टेकण्यास एक बाक ठेवला, तर तो त्या दिव्याच्या अगदी शेजारचा संकल्प होईल. दिवा तर असावाच. माठ ही त्याला जोड.

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगावी की न सांगावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. सभा झाल्यानंतर आम्ही मंदिराच्या वह्या चाळीत होतो. तेलाच्या खर्चाचा मेळ बसेना. ठेवीचे व्याज इतके थोडे, मग दिवा रोज लागतो कसा? तीर्थरूप वडिलांस विचारले. ते प्रथम काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती वर्षे झाली ते आठवत नाही. दक्षिणेतून घालतो. सभेत सांगितले असते तर लोकांनी वर्गणी केली असती, आणि मग तो आपला दिवा झाला असता. तो बाईंचा आहे." आम्ही म्हटले, "पण बाबा, तुमच्यानंतर?" त्यावर त्यांनी आमच्याकडे नुसते पाहिले.

त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस कळला. तरीही त्यांची अनुमती मागून हे लिहीत आहोत. कारण एका माणसाच्या गुप्त निष्ठेवर चालणारे दान त्या माणसाबरोबर संपते, हेच या लेखाचे सार आहे. माळव्यातील एवढ्या मोठ्या खासगीवर जी वेळ आली, ती एका कोनाड्यातील दिव्यावरही येईल. वडिलांनी संकल्प राखला. व्यवस्था राखणे हे आता मंडळाचे, म्हणजे आपणा सर्वांचे काम आहे. पुढील सभेत कोणताही ठराव होवो, तो करणाऱ्यांनी त्यापूर्वी एकदा रात्री धारच्या रस्त्याने चालत यावे व आपल्या दाराकडे पाहावे, एवढीच नम्र विनंती.

मननार्थ प्रश्न

(घरात सर्वांनी मिळून विचार करावा. मुलांनीही उत्तरे द्यावी.)

१. 'दौलत' आणि 'खासगी' यांत होळकर राज्यात काय भेद होता? आपल्या घरच्या खर्चात असा भेद आपण कोठे पाळतो?

२. पाखरांसाठी शेत विकत घेताना अहिल्याबाईंनी शेतकऱ्यासही दोष दिला नाही. यावरून दान व न्याय यांचा संबंध कसा दिसतो?

३. बांधीव रकमेचे दान व जमिनीच्या उत्पन्नाचे दान यांत काळाच्या ओघात कोणता फरक पडतो?

४. आपण एखादी ठेव देवाच्या दारी ठेवावयाची ठरविली, तर ती कोणत्या आठवणीने ठेवू? ती आठवण आपल्यानंतर कोणास कळेल, अशी काय व्यवस्था करू?

॥ शुभं भवतु ॥